सरांचा पिवळा

सर, गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर घरी आले, हात धुवायला मोरीत गेले आणि तिथल्या बादलीकडे बघत उभीच राहिले. बादली निळी होती. इतकी निळी, की मुलानं नवी आणली असं मला वाटलं. पण ती जुनीच होती, कडेला तडा गेलेली. मग बाहेरच्या खोलीत माझ्या चित्रांपुढं आले. उजवा डोळा मिटून पाहिलं तर चित्रं नेहमीसारखी दिसली, जरा भावही खाणारी. डावा मिटून पाहिलं, तर सगळ्या चित्रांवर कुणीतरी चहा सांडून ठेवलाय असं वाटलं. मी पलंगावर बसले आणि माझ्या मनात पहिले तुम्ही आलात.

शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून नुकतीच लागले होते, तेव्हा दर रविवारी बेळगावाहून सकाळची बस पकडून निपाणीला तुमच्या वर्गाला यायचे. वर्ग म्हणजे तुमच्या घरामागची लांबट खोली, शेजारी तंबाखूची वखार. खिडकी उघडली की आम्ही सगळे शिंकायला लागायचो आणि तुम्ही कुंचला धुता धुता म्हणायचात, पहिलं नाक तयार होतंय, हात मागनं होईल. तुमच्या चित्रांतली रानं तेव्हा हळूहळू पिवळी होत चालली होती. काढणीच्या दिवसांतली व्हावीत हे ठीकच, पण श्रावणातलं रान पिवळं, विहिरीचं पाणी पिवळं, सावल्या तांबूस. आम्ही वेडे झालो होतो त्या रंगानं. तुमच्या पॅलेटवर काय काय पडलंय ते चोरून बघायचं आणि घरी जाऊन तसंच कालवायचं, हा आमचा उद्योग. कोल्हापूरच्या प्रदर्शनात लोक लांबूनच ओळखायला लागले, ही निपाणीच्या सरांची मुलं. त्या रंगाला नावच पडलं, सरांचा पिवळा. आमच्यातल्या काहींची त्यावर घरं उभी राहिली.

मग तुमच्या डोळ्यांचं, मोतीबिंदूचंच, ऑपरेशन झालं. त्यानंतरचा पहिला रविवार मला लख्ख आठवतो. तुम्ही काळा चष्मा काढून ठेवताय, आम्ही भिंतीला ओळीनं चित्रं टेकवून ठेवलीत, तुम्ही एकेका चित्रापुढं थांबत पुढं सरकताय. शेवटाला पोचल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "लई पिवळं झालंय की रं सगळं."

आम्हाला ती शाबासकी वाटली. कुणाच्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही. त्या खुशीत आम्ही चौकात जाऊन भजी खाल्ली. तुमच्यासाठीही पुडा बांधून आणला, आणि तुम्ही तो हसत घेतलात. निघताना मला एकटीला थांबवून निळ्या जलरंगाची एक न उघडलेली ट्यूब दिलीत. "घे गं. माझी वापरायची राहिली," म्हणालात. सर, मी ती जपून ठेवली. तुमची आठवण म्हणून. तिच्यानं रंगवायचं असतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता बेळगावात तुमच्या आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतंय. आपला तो मच्छे गावचा, कारखान्यातली शिफ्ट संपवून तसाच वर्गाला येणारा, त्यानं सगळं अंगावर घेतलंय. तुमची चित्रं आणायला मी निपाणीला गेले. तुमच्या मंडळी, आमच्या आक्का, आता थकल्यात, पण चहा स्वतःच करतात. मी भीत भीत डोळ्यांचा विषय काढला, तर त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "माझं निळं लुगडं त्यास्नी राखाडी दिसायचं," त्या म्हणाल्या. "मी कशाला बोलू? ऑपरेशन करून आले आन् दोरीवरच्या लुगड्याकडं बघत बसले. जेवले बी न्हाईत. म्हणाले, पोरांस्नी काय सांगू?"

मग त्यांनी कपाटाच्या मागून तुमचं शेवटचं चित्र काढलं. त्यातही तंबाखूचं रानच, पण वर धुऊन काढल्यासारखं निळं आकाश. हे चित्र आम्ही तेव्हा पाहिलं होतं, आणि सरांचा हात गेला असं आपापसात हळहळलो होतो. या प्रदर्शनातही ते नकोच, असं ठरलं होतं. आक्का म्हणाल्या, न्यायचं असलं तर हेही ने, नायतर काहीच नेऊ नको.

बसमध्ये ते मांडीवर धरून आले. हे तुमच्या पिवळ्या रानांशेजारी लागलं, की कुणाला वेगळं काही सांगावं लागणार नाही, हे मला कळत होतं. मच्छेवाल्याला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं चित्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मुलीच्या लग्नात त्यानं तुमच्या पिवळ्यात रंगवलेलं रानाचं चित्र जावयाला दिलं होतं, फार अभिमानानं. चित्र खाली ठेवत म्हणाला, "मग आपण इतकी वर्षं काय केलं म्हणायचं, ताई?"

मला तुमचा राग आला, सर. आम्हाला सांगायला हवं होतं. आमची मांडलेली दुकानं मोडू नयेत म्हणून तुम्ही गप्प बसलात, हे आता कळतं. पण तेव्हा आम्ही तरुण होतो, सोसलं असतं आम्ही. आज दुपारी हॉलवर गेले, तर मच्छेवाला खिळा ठोकत होता. तुमचं निळं चित्र त्यानं अगदी मधोमध लावलं, त्याच्या स्वतःच्या पिवळ्या रानाला खेटून. माझ्याकडे न बघताच म्हणाला, बघू देत लोकास्नी.

घरी येऊन ती ट्यूब काढली. आतला रंग दगड झाला होता. कात्रीनं पत्रा कापला, पाणी घातलं, तासाभरात सुटायला लागला. त्यातनं एक आकाश रंगवलं. माझं पहिलंच, खरं तर. ते चांगलं झालंय, तुम्ही असता तर दाखवलं असतं. हे पत्र मी चित्रामागच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवणार आहे, दुसरीकडं पाठवणार तरी कुठं.

एक मात्र सांगून टाकते. आकाशाखालचं रान रंगवायला घेतलं, तेव्हा मी उजवा डोळा मिटून घेतला. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडून सारखे फोन येतात, आणि मी काही ना काही कारण सांगून ते पुढं ढकलतेय.