चौथं पिंप आणि खडूच्या खुणा

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळी ११.४०

काय घडलं:

१. तळघरप्रमुख सेकोन्दोंनी वाईनच्या सहा काचेच्या बुधल्यांवर केलेल्या खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या.
२. नोंदवहीतल्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकावर छापील लेबल लावलं.
३. सेकोन्दो म्हणाले, शनिवारी फरशी धुताना दोन बुधल्यांची अदलाबदल झाली आहे. नोंदवहीत तसं काही नाही. म्हणून ग्राह्य धरलं नाही.
४. बुधला ३ मधली नेब्बियोलो द्राक्षाची ५४ लिटर वाईन पिंप ४ मध्ये भर म्हणून घातली. पिंप काठोकाठ. (२०१९ ची बारोलो रिझेर्वा, इथली सर्वांत उंची वाईन, ५०० लिटर.)
५. बुधला ५ मधली बार्बेरा, म्हणजे दुसऱ्या द्राक्षाची साधी वाईन, मजुरांच्या जेवणासाठी वर पाठवली.

एकूण वेळ ५५ मिनिटं. सेकोन्दोंना एवढ्याला अर्धा दिवस लागतो, कारण ते प्रत्येक बुधल्यातला थेंब बोटावर घेऊन चाखतात.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

द्राक्षमळ्याच्या मालकीणबाईंशी बोलणं झालं. १५ मार्चला त्या पिंप ४ चाखणार आणि तळघराची किल्ली कुणाकडे राहील ते सांगणार. चव्वेचाळीस वर्षं ती सेकोन्दोंच्या कमरेला आहे. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. वाईनशास्त्राच्या पदवीमुळे सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणतात, पण माझा करार ३१ मार्चला संपतो. गणित कठीण नाही.

मालकीणबाईंनी आठवण करून दिली की बारोलोत नेब्बियोलोखेरीज दुसऱ्या द्राक्षाचा थेंब चालत नाही. मी म्हटलं, लेबलं त्यासाठीच आहेत.

निश्चय: १५ मार्चपर्यंत आनंद व्यक्त करायचा नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

निरीक्षण. वेली छाटणाऱ्या मजुरांची जेवणाची सुट्टी ५० मिनिटांवरून ८० वर गेली. तरीही दुपारी जास्त ओळी छाटून झाल्या. त्रायचे नावाचा मुकादम टोपी काढून विचारायला आला की उद्याही हीच बार्बेरा का. मी म्हटलं, अर्थातच, लेबल बघ. त्याने लेबलाकडे बघून मान डोलावली. लोकांना शिस्त हवी असते, फक्त कुणी लावत नाही.

जेवताना मी पाणी पिते. कामाच्या वेळी मद्य नाही. तत्त्व आहे.

२२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३

आल्बा शहरातल्या प्रयोगशाळेचा अहवाल. पिंप ४, एकूण आम्लता ५.९. जानेवारीत ५.६ होती. वाईन वर्षभर झोपली असताना आम्लता अशी वाढत नाही. म्हणजे त्यांचं यंत्र बिघडलं आहे. फोन केला. तिथली बाई म्हणाली, यंत्र सोमवारीच तपासलंय. आवाजात आत्मविश्वास कमी वाटला.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

पिंप ४ चा नमुना पेल्यात घेतला. मुरलेल्या नेब्बियोलोला काठाशी विटकरी छटा असायला हवी, जांभळी दिसते. तळघरातला दिवा बदलायला सांगितला.

चव: ताजी, थोडी आंबट, जिवंत. वहीत "तारुण्य टिकून आहे" असं लिहिलं. चव शेवटी व्यक्तिसापेक्ष असते.

१ मार्च, शुक्रवार

नवा दिवा लागला. तरीही जांभळी. हाही दिवा सदोष.

६ मार्च, बुधवार

सेकोन्दो इतकी वर्षं दुपारी घरी, बायकोच्या हातचं जेवायला जात. हल्ली मजुरांबरोबर बसतात. घेवड्याचं सूप, पोलेंता म्हणजे मक्याची उकड, आणि वाईनचा जग. त्यांची बायको डेल्फिनामावशी फाटकापाशी येऊन त्यांना विचारून गेल्या, "माझ्या स्वयंपाकात काय बिघडलंय?" ते म्हणाले, तुझ्यात काही नाही गं, इथे सध्या बरं चाललंय.

एकटेपणा असावा. अधिकार जाण्याची चाहूल माणसाला लागते. त्यांच्याशी सौम्य वागायचं ठरवलं.

११ मार्च, सोमवार

आल्बाहून चामड्याचा पट्टा आणला. किल्ली जड आहे, साध्या पँटला पेलणार नाही.

१५ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ६

काय घडलं ते क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करते.

मालकीणबाईंनी पिंप ४ चा पेला बराच वेळ नाकाशी धरला. चाखला. म्हणाल्या, यात कुणीतरी पाहुणं आलंय. मी आम्लतेचा अहवाल आणि दिव्याची अडचण समजावून सांगितली. त्यांनी सेकोन्दोंना विचारलं. ते म्हणाले, "वाईट नाही. सूपबरोबर चालेल."

मग मालकीणबाईंनी मजुरांचा वाईनचा जग मागवला. त्रायचे घेऊन आला. तळाशी दोन घोट होते. त्या प्यायल्या आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, हा माझ्या वडिलांच्या चढावरच्या नेब्बियोलोचा वास आहे.

त्यांनी त्रायचेला विचारलं. तो म्हणाला, आम्हाला वाटलं थंडीत छाटणी चांगली झाली म्हणून ही चांगली वाईन तुम्हीच मुद्दाम दिलीत. कुणी काही बोललं नाही, कारण बोललं की बंद होतं. बुधला कालच संपला. हे शेवटचं तुमच्यासाठी ठेवलं होतं असं म्हणता येईल.

मी सेकोन्दोंकडे वळले. महिनाभर रोज पीत होतात, मला सांगितलं का नाही?

"सांगितलं होतं, डॉक्टरीणबाई. एकदा तोंडाने, एकदा खडूने. दुसरं तुम्ही पुसलंत. आणि पिंपात ओतलेलं बाहेर काढता येत नाही, म्हणून म्हटलं, निदान हे तरी वाया जाऊ नये."

पिंप ४ ला आता बारोलो म्हणता येणार नाही. पाचशे लिटर मजुरांच्या जेवणाच्या जगमध्ये जातील. किल्ली जिथे होती तिथेच आहे. मालकीणबाई म्हणाल्या, मी एप्रिलनंतर तळघरात राहायचं की नाही हे सेकोन्दो ठरवतील.

प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन करायला हवा. दिवाही ठीक आहे.

१८ मार्च, सोमवार. दुपारी १

आज जेवताना मजुरांच्या जगमधून अर्धा पेला वाईन घेतली. पिंप ४. आंबट आहे. तारुण्य वगैरे काही नाही. त्रायचे म्हणाला, पहिली बरी होती.

सेकोन्दोंना चिठ्ठी. पहिल्या मसुद्यात "तुमच्या खुणा माझ्या पद्धतीत सामावून घेण्याचा विचार आहे" असं होतं. फाडला. पाठवली ती अशी:

"आदरणीय सेकोन्दो,
बुधल्यांवरची लेबलं मी काढली आहेत. आता सहाही बुधले कोरे आहेत आणि भरलेल्या चारांपैकी कुठल्यात काय आहे ते मला सांगता येत नाही. तुमच्या खुणांचा अर्थ आणि बोटावर चाखण्याची रीत मला शिकवाल का? खडू मी आणला आहे. शनिवारी पिंप ६ ला भर घालायची आहे, तेव्हा होय किंवा नाही, जे असेल ते शुक्रवार, २२ मार्चपर्यंत कळवावं.
तुल्लिया"