निळी पेज

माय, आज नातीनं माझ्या ताटातली कोबीची भाजी उचलून नेली. थायरॉइडच्या माणसानं कोबी खायचा नसतो, असं तिनं मोबाईलवर वाचलंय म्हणे. मीही हट्टाला पेटले, तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या हसायलाच लागल्या. "आजी, शिजवलेला कोबी खुशाल खा, बेतानं. मीठ आयोडीनचं वापरा आणि गोळी मात्र चुकवू नका, खाण्यानं गोळीचं काम होत नाही." घरी येऊन मी नातीच्या नाकावर टिच्चून कोबी खाल्ला, आणि खाता खाता तुझी अशी आठवण आली की लिहायलाच बसले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. झरीजवळचं आपलं गाव, घरात ज्वारी, तूर, हरभरा भरपूर, उपाशी कुणी नव्हतं. तरी तुझ्या गळ्याला गाठ आली. आधी लिंबाएवढी, मग कवठाएवढी. लोक म्हणत, विहिरीचं पाणी बाधलं. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा काचायला लागला तसा तू तो वाढवून घेतलास, आणि वर म्हणायचीस, "देवाला जागा पुरंना झालीय, दुसरं काय!" सगळे हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण मी तुझ्या कुशीत निजायचे. उताणी झालीस की तुझा दम कोंडायचा, आणि पुढचा श्वास येईपर्यंत मी माझा धरून ठेवायचे. तू मरशील या भीतीनं मी अर्धी झाले होते.

शेवटी बाबांनी गाडी जुंपली आणि आपण परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी तुझा गळा चाचपला आणि बाबांना विचारलं, "मछली खाते क्या? अंडा?" बाबा असे ताठ झाले, की जणू कुणी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. "साब, आमी लिंगायत हाव." डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की समुद्राच्या पदार्थांत एक चीज असते, ती तुमच्याकडच्या दाणापाण्यात कमी पडते, म्हणून गळा फुगतो. मग तपकिरी औषधाची बाटली पुढे केली. "मछली नको तो ये लेव. दूध में दो बूँद. घबराव नको, माँ."

दूध कुठलं? म्हैस आटलेली. "दूध न्हाई तर न्हाई, पेजंत घेते. पोटात जाऊन एकच की," असं म्हणून तू दुसऱ्या सकाळी ज्वारीच्या कण्यांची वाफाळती पेज वाटीत घेतलीस, तीत थेंब टाकलेस आणि रोजच्यासारखी लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलीस. देवाला दाखवल्याशिवाय तू पाण्याचा घोटही घेत नव्हतीस. तुझे डोळे मिटलेले, माझे वाटीवर. पेज निवत गेली आणि बघता बघता निळी पडत गेली. आधी कडेनं, मग सगळीच, शाईसारखी. मी किंचाळले. आजी, तुझी सासू, धावत आली.

"इख हाय गं ते! फेकून दे आधी!"

बाबांनी वाटीला हात घातला, तो तू धरलास. "नैवेद्य दाखवलाय. परसाद फेकायचा असतोय का?"

"अगं, पण रंग बघ की त्याचा!"

"बघितला की. ज्यानं सगळ्या जगाचं इख पिऊन गळा निळा करून घेतला, त्यालाच दाखवलंय मी. त्यानं न्हाई म्हटलं न्हाई, मी कशी म्हणू?"

आणि तू गटागटा प्यालीस. त्या सकाळचं पुढचं आठवलं की आजही मला हसू आवरत नाही. आजी भिंतीला टेकून रडायलीय, बाबा उंबऱ्यात डोकं धरून बसलेत, मी तुझ्या पदराला लोंबकळलेय, आणि तू चुलीपुढं बसून भाकरी थापायलीस. मधेच मान वर करून म्हणालीस, "आत्याबाई, मी मरायलाच बसले तर भाकरी कोण करंल? थोडं थांबा, चार झाल्या की मरते."

तू काही मेली नाहीस. बाबा बाटली घेऊन परभणीला भांडायला गेले, तर डॉक्टरांनी त्यांच्याच शिदोरीतल्या भाकरीवर एक थेंब टाकून दाखवला. भाकरीही निळी! हे औषध दाण्याला लागलं की असंच होतं म्हणाले, पाण्यात द्या. तोवर गावभर झालं होतं, की देवानं तुझ्या वाटीत आपला गळा दाखवला. बाया वाट्या घेऊन परसाद मागायला यायच्या. तू त्यांचे गळे चाचपायचीस, ज्यांना गाठ त्यांना परभणीचा रस्ता दाखवायचीस आणि बाकीच्यांना ताक पाजून परत पाठवायचीस. हुरड्याच्या दिवसांपर्यंत तुझी गाठ मऊ पडली, लहान झाली. पुरती गेली नाही, पण तू उताणी झोपून घोरायला लागलीस. तसलं सुंदर घोरणं मी पुन्हा ऐकलं नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या सकाळी तू भाकरी थापत होतीस तेव्हा वाटीच्या तळाला थोडी निळी पेज राहिली होती. सगळे तुझ्याकडे बघत होते. मी ती बोटानं पुसून चाटली. इख आहे हे मला पटलं होतं, माय. तू गेलीस तर मला मागं राहायचं नव्हतं.