साखर मासा

जालना,
ता. ९ जुलै १९७८

ती. प्रभाअक्कास,

धर्मराजचा स. जयभीम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. बाळीला दोन दात आल्याचे वाचून दाखवले, तर आई ते सगळ्या गल्लीत सांगून आली. तुझ्या पत्रात 'पाणि' असे ऱ्हस्व झाले आहे, ते 'पाणी' असे दीर्घ हवे. राग मानू नये.

पत्रास कारण वेगळे आहे. मी दवाखान्यात पुड्या बांधतो आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहितो, हे तुला माहीतच आहे. मार्चमध्ये डॉक्टरसाहेबांच्या मुंबईच्या मित्राने त्यांना काचेची मोठी टाकी आणि सहा मासे भेट दिले. मासे मूळचे आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले आहेत. दोन पिवळेधमक आणि चार निळ्या पट्ट्यांचे. डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या जातीचे नाव सिक्लिड असे सांगितले. मी घरी सांगितले, तर आईने 'शिकलेले' असे ऐकले. तिचे म्हणणे, की मासे शिकलेले अन् पोरगा नववीतून घरी, हे बरं झालं. पण हे शिकलेले दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मोठा पिवळा तर बाकीच्यांना घासही सुखाने घेऊ देत नाही.

टाकी डॉक्टरसाहेबांची खोली आणि रोग्यांचा बाक यांच्यामधल्या खिडकीत ठेवली आहे. समोरच्या दारातून तिच्यावर ऊन येते, म्हणून काचेवर शेवाळ धरते. मी फडक्याने पुसतो, पण चार दिवसांत काच पुन्हा हिरवी होते, आणि पुसताना मासे घाबरून कोपऱ्यात बसतात. आता डॉक्टरसाहेब कंटाळले आहेत. ते म्हणाले, की दसऱ्याला सुतार येऊन त्या खिडकीत औषधांचे कपाट बसवणार. तोवर काच स्वच्छ राहायला लागली तर बघू, नाहीतर मासे मोती तलावात सोडून दे. अक्का, टाकीतले मासे तलावात चार दिवससुद्धा टिकणार नाहीत. सकाळी मी दार उघडले, की सहाच्या सहा काचेपाशी येतात. मी आल्याचा इतका आनंद दुसरे कोणी करत नाही.

औषध कंपनीचे एक साहेब इथे येत असतात. ते म्हणाले, की मुंबईत काच चाटून साफ करणारा मासा मिळतो, त्याला 'सकर' म्हणतात. बोलताना लोक काहीही उच्चार करतात, आपल्याकडेही साखरेला साकर म्हणतातच. म्हणून मी येथे शुद्ध लिहीत आहे: साखर मासा. दाजींना सांगून बाजारात चौकशी करावी. मासा स्वस्त असावा आणि मार खाऊन मरणारा नसावा. डॉक्टरसाहेब एकदाच पैसे देणार आहेत.

दाजींना जयभीम, बाळीला पापा. माझ्यावर आहे तशी माया राहू दे.

तुझा धाकटा भाऊ,
धर्मराज

परळ, मुंबई,
ता. २३ जुलै १९७८

चि. धर्मराज यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. 'पाणि' मी मुद्दामच लिहिते. तुला काही काम नको का?

तुझा साखर मासा मिळाला, पण तुझ्या दाजींची अब्रू गेली. रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते क्रॉफर्ड मार्केटला गेले. पहिला दुकानदार म्हणाला, की साखर रेशनवर मिळते, कार्ड आणलंय का. दुसऱ्याने विचारले, की गोड्या पाण्यातला पाहिजे का खाऱ्या. दाजींनी सांगितले, की साखर आहे म्हणजे गोड्याच असंल की. तिथली पोरं हसायला लागली, तेव्हा दाजी तरातरा पुढे गेले. तिसऱ्याला मात्र गिऱ्हाईक सोडायचे नव्हते. त्याने पांढराशुभ्र, लांब शेपटीचा एक मासा पुढे केला आणि शपथ घेतली, की बिलकुल साखरच. रंग बघून दाजींनाही पटले.

आपल्याकडच्या वडीगोद्रीचे सर्जेराव दाजींच्या बरोबर वर्कशॉपात आहेत. ते काल शनिवारी गावी निघाले. मासा पाण्याच्या पिशवीत घालून आणि पिशवी पत्र्याच्या डब्यात ठेवून त्यांच्याजवळ दिला आहे. मनमाडला गाडी बदलताना डबा वर फळीवर ठेवू नका, असे त्यांना तीनदा सांगितले. चौथ्यांदा सांगायला गेले, तर ते म्हणाले, की वहिनी, मासा आहे, जावई न्हाई.

आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा. तू जेवत जा. पत्र पाठवण्यात कंजुषी करू नकोस.

तुझी,
अक्का

जालना,
ता. ९ ऑगस्ट १९७८

ती. अक्कास,

स. जयभीम. वि. वि.

हे पत्र लिहायला घेऊन दोनदा ठेवून दिले. सर्जेरावांनी मासा सुखरूप आणला. दिसायला तो इतका देखणा, की बाकावरचे रोगी उठून बघायला आले. पण त्याने एकदाही काचेला तोंड लावले नाही. वरवर तरंगत राहिला. तिसऱ्या दिवशी मोठ्या पिवळ्याने त्याची अर्धी शेपटी फाडली. मी तेवढ्यात त्याला काढून औषधाच्या रुंद बरणीत ठेवला, म्हणून वाचला. डॉक्टरसाहेब म्हणाले, की धर्मराज, काच साफ करायला आणला का जखमा बांधायला.

परवा ते औषध कंपनीचे साहेब आले. बरणी बघून त्यांनी विचारले, की हा कोण. मी सांगितले, साखर मासा. त्यांना काही कळेना. मी त्यांचाच शब्द त्यांना समजावून दिला, तेव्हा ते इतके हसले, की त्यांना बॅग खाली ठेवावी लागली. सकर हा इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ चोखणारा. त्या माशाचे तोंड पोटाच्या बाजूला असते आणि तो काचेला जळूसारखा चिकटतो. रंगाने काळपट, अंगावर ठिपके, पाठ कवचासारखी टणक. मुंबईत मराठी, हिंदी, गुजराती सगळे लोक त्याला सकरच म्हणतात. साखरेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

म्हणजे शब्द बरोबर होता आणि मी तो सुधारून चुकवला. दाजींना बाजारात ऐकून घ्यावे लागले ते माझ्यामुळे. त्यांना कसे तोंड दाखवू, ते कळत नाही. डॉक्टरसाहेबांनी माशासाठी दिलेले पैसेही संपले. दसऱ्याचा सुतार ठरलेला आहे तो आहेच.

पांढरा मासा घरी आणला. आईने त्याला रांजणाजवळ मोठ्या पातेल्यात ठेवले आहे. ती त्याला भाताची शिते घालते आणि म्हणते, की घरात बसून खाणारा अजून एक वाढला. शेपटी भरून येत आहे.

रागावली असलीस तरी रागावून का होईना, पण लिही.

तुझा,
धर्मराज

परळ,
ता. २० ऑगस्ट १९७८

चि. धर्मराज यास,

अनेक आशीर्वाद. तोंड दाखवायची काळजी करू नकोस. तुझे पत्र वाचल्यावर दाजी इतके हसले, की बाळी दचकून रडायला लागली. आता वाण्याकडेही ते साखरेऐवजी सकर मागतात. तुला निरोप दिला आहे, की मेव्हण्याने शुद्धलेखन सांभाळावं, बाजार मी बघतो. नव्या माशाचा खर्चा ते करणार आहेत. त्यावर वाद घालायचा नाही.

ते परत मार्केटला गेले, आणि तुला सांगते, त्यांना आता त्याचा नाद लागला. या वेळी एक म्हातारे बोहरी दुकानदार भेटले, नीट माहिती देणारे. त्यांनी आधी विचारले, की टाकीत दुसरे कोण आहेत. आफ्रिकेचे सिक्लिड म्हटल्यावर ते म्हणाले, की मग मऊ अंगाचा कोणताच मासा देणार नाही. सोनेरी, सडपातळ असाही एक काच चाटणारा मासा असतो, तो स्वस्त आहे. पण मोठा झाला की काच सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो, म्हणून तो घेऊ नये. सकरमध्ये बोटाएवढे पिल्लू सगळ्यात स्वस्त, पण आफ्रिकेवाले त्याचे डोळे टोचतात. हातभर मोठा टणक असतो, पण त्याची किंमत ऐकून दाजी नुसते मान हलवून आले. मधला, वितीपेक्षा थोडा लहान, बराबर होईल. त्यांच्याकडे असे दोन आहेत. एक धडधाकट, आणि दुसरा वरचा पंख फाटलेला, म्हणून निम्म्या किमतीत. पंख पुन्हा येतो म्हणे. दुकानदार म्हणाले, की तुमच्या गावचे पाणी कसे आहे ते विचारा.

तर सगळे नीट लिहून कळव. दाजी तोवर दर रविवारी त्या दोघांना भेटून येतात. माझ्या माहेरच्या माणसांना एवढे भेटले असते तर!

आईला नमस्कार.

तुझी,
अक्का

जालना,
ता. ३ सप्टेंबर १९७८

ती. अक्कास व दाजींस,

स. जयभीम. वि. वि.

दाजींच्या मोठेपणापुढे काय लिहावे ते सुचत नाही, म्हणून सरळ कामाचे लिहितो.

आमच्या विहिरीचे पाणी जड आहे, त्यात डाळ लवकर शिजत नाही. शिकलेल्यांना ते मानवले आहे. सकरला चालेल का, ते विचारावे.

मी आठ दिवस विचार केला. रोज उलटसुलट मत होत होते. धडधाकट घ्यावा असे पहिल्यांदा वाटले. पण मग वाटले, की ज्याचा पंख फाटला आहे तो कोणाचा तरी मार खाऊन जगला आहे, त्याला मारामारी नवीन नाही. धडधाकट म्हणजे कदाचित अजून कोणाशी गाठच पडली नसेल. शिवाय दाजींचे पैसे वाचतील. तेव्हा फाटक्या पंखाचाच घ्यावा, असे माझे ठरले आहे. चूक असेल तर दाजींनी सुधारावे. माझ्या सुधारण्यावर आता माझाच भरवसा राहिला नाही.

त्याला लपायला जागा हवी म्हणून मी फुटक्या माठाचा अर्धा भाग घासून, दोन दिवस पाण्यात ठेवून टाकीत मांडला. लगेच मोठ्या पिवळ्याने तो बळकावला. मग दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक मांडला. कुंभार म्हणाला, की फुटका माठ मागायला येणारा तू पहिलाच.

सुतार माप घेऊन गेला आहे.

तुम्हां दोघांचा,
धर्मराज

परळ,
ता. १७ सप्टेंबर १९७८

चि. धर्मराज यास,

आशीर्वाद. घाईत चार ओळी. फाटका घेतला. दुकानदार म्हणाले, की निवड चांगली आहे. पाणी जड असले तरी चालेल, पण आधी पिशवीत टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळायचे. नुसत्या शेवाळावर त्याचे पोट भरत नाही, संध्याकाळी काकडीची फोड द्यायची. म्हणजे खाण्यात दाजींपेक्षा बरा, ते तर काकडी बघून तोंड फिरवतात.

या वेळी दुसऱ्या कोणाजवळ द्यायचा नाही. मी स्वतः येते आहे. एका मांडीवर बाळी, दुसऱ्या मांडीवर डबा. रविवारी स्टेशनवर ये, आणि आधी भाचीला घे, मग माशाला. लोक बघतात.

तुझी,
अक्का

जालना,
ता. १५ ऑक्टोबर १९७८

ती. अक्कास,

स. जयभीम. वि. वि.

तू खुशाल पोचल्याचे कार्ड मिळाले. बाळीशिवाय घर ओकेबोके वाटते. आई तिचे झबले धुवायचे राहिले असे म्हणत तेच तेच पुन्हा धुते.

तू इथे होतीस त्या आठवड्यात सकर माठाखालून बाहेर आला नाही, आणि तू निघताना म्हणालीस, की एवढ्या दुरून मांडीवर आणला तो झोपायला का. मलाही तीच धास्ती होती. तू गेल्यावर एका सकाळी दार उघडले, तर हिरव्या काचेवर बोटाएवढ्या रुंद वाकड्यातिकड्या रेघा होत्या. मला वाटले, कोण्या पोराने बोट फिरवले. पण रेघा आतल्या बाजूने होत्या! तो अंधार पडल्यावर बाहेर येतो. रोज रेघा वाढत गेल्या आणि शेवटी रेघा दिसेनात, कारण शेवाळच उरले नाही.

मोठा पिवळाही एकदा त्याच्यावर धावून गेला, ते मी पाहिले. सकर पळाला तर नाहीच, जागचा हललासुद्धा नाही. फाटका पंख ताठ केला आणि काचेला अजून घट्ट धरले. पिवळ्याने दोन धडका मारल्या, तोंडाला टणक लागले, आणि जणू काही दुसरेच काम आठवल्यासारखा तो निघून गेला. त्यानंतर त्याची खोडी कोणी काढत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुतार फळ्या घेऊन आला. बादली तयार ठेवा, असे तो मला म्हणाला. डॉक्टरसाहेब खुर्चीत बसून कोणाची तरी नाडी बघत होते. त्यांनी सहज मान वर केली आणि टाकीकडे बघतच राहिले. मला बोलावून विचारले, की बाहेर बाकावर रामराव पाटील बसलेत का. मी म्हणालो, हो. ते म्हणाले, की सात महिने मी दर वेळी उठून दारात जाऊन बघून राह्यलो, बाहेर किती माणसं आहेत ते. इथून तर सगळा बाक दिसतो. मग सुताराला म्हणाले, की कपाट मागच्या भिंतीला लाव, इथे काही लावू नकोस, माझा बाक झाकला जाईल. मी काढलेली बादली परत मोरीत ठेवून आलो.

अक्का, इतके महिने मी ती टाकी फक्त फडके हातात घेऊन, नाक लावून बघितली. काल दुपारी रोगी संपल्यावर मी पहिल्यांदा बाकावर जाऊन बसलो, आणि दुसऱ्या माणसांसारखी समोरून बघितली. निळे पट्टे सरकत होते, पिवळे दोघे माठापाशी भांडत होते. किती वेळ गेला कळले नाही. डॉक्टरसाहेबांना आतून बाक दिसतो, हे माझ्या ध्यानातच राहिले नाही. आतून त्यांनी विचारले, की धर्मराज, तुला काय होतंय. मी घाबरून उभा राहिलो आणि म्हणालो, की काही नाही. ते म्हणाले, की मंग बस थोडा वेळ.

दाजींना माझा जयभीम, बाळीला दोन्ही दातांवर पापा. तुम्हां सगळ्यांचा जीव माझ्यावर असाच राहो.

तुझा धाकटा भाऊ,
धर्मराज