बाबलीचा पाय

मालवण,
१२ मे १९५९

तीर्थरूप बाबांस,
सुगंधाचा सलाम.

आपले पत्र पोचले. खोकला कमी झाल्याचे वाचून बरे वाटले. इथे उकाडा फार, विहिरीचे पाणी तळाला गेले आहे. ह्यांची प्रकृती ठीक. मिशनच्या मासिकात आलेला ह्यांचा फोटो चौकटीत बसवून तुमच्या चर्चमध्ये लावणार, असे लिहिलेत. पाळक जावयाचे कौतुक वाटणारच.

तो लावू नका, बाबा.

फोटोत हे ज्याचा पाय धूत आहेत तो बाबली. किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढायचा, रविवारी आमचे चर्च झाडायचा. गुड फ्रायडेच्या आठवडाभर आधी त्याच्या टाचेत पाकट माशाचा काटा घुसला. मी जखम शेकून पट्टी बांधली. तरी सूज चढत गेली, तेव्हा तो दवाखान्यात निघाला. निघण्यापूर्वी सांगायला आमच्या दारी आला, तर हे म्हणाले, "गुरुवारी मुंबईचे पाहुणे येतायत. पाय धुण्याच्या विधीला तू हवास. तोवर थांब. आणि ती पट्टी सोड, जखम दिसू दे."

मी म्हटले, "अहो, पाय काळा पडतोय त्याचा."

"प्रभूने शिष्यांचे धुतले, ते काय स्वच्छ पाय होते? यात देवाचे गौरव आहे, सुगंधा. तू मध्ये येऊ नकोस."

मी मध्ये आले नाही. गुरुवारी घंगाळ मीच धरले. हे कमरेला पंचा गुंडाळून गुडघ्यांवर बसले. फोटोवाल्याचा दिवा लागला नाही, म्हणून तोच पाय पुन्हा धुतला. बाबली तापाने थरथरत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पाहून पाहुण्यांनाही रडू आले.

ईस्टर झाल्यावर त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

फोटो पाहून ह्यांना मुंबईच्या मोठ्या चर्चचे बोलावणे आले आहे. बाबलीला तिथे न्यायचे, उपदेशाच्या वेळी शेजारी बसवायचे, असे ह्यांनी ठरवले. बाबली खुशीत होता. भेटेल त्याला सांगे, "पाळकांनी माझो पाय आपल्या हातान धुतलो. आमच्या घराण्यात कोणाचो धुतलो?"

मला ते ऐकवेना. गेल्या आठवड्यात त्याच्या खोपटात गेले आणि सगळे सांगितले. वेळेवर नेला असता तर पाय वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले होते. त्याला थांबवले ते पाहुण्यांना दाखवायला.

तो मग म्हणाला, "पाय गेलो तर गेलो. पण पाळकांनी तो धुतलो, माझ्याकडे ह्या एवढाच होता. ह्या माका कित्याक सांगलास, पाळकीणबाय?"

मी खरे बोलले, पण कुणासाठी, हे अजून कळत नाही.

रविवारी तो आला नाही. ह्यांनी उपदेशात त्याचे नाव घेऊन सांगितले, मान मिळाला आणि बाबली गर्वाने फुगला, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी डोळे मिटले. बाबा, मीही मिटले.

त्या मोठ्या चर्चसाठी ह्यांची शिफारस तुम्ही लिहिणार आहात, ठाऊक आहे. लिहाल ते लिहा. मी ह्यांच्याबरोबर जात नाही. बाबलीच्या दारी रोज पेज नेते. तो ती घेत नाही. मी ठेवून येते.

आता कुणाची पाळकीणबाई न राहिलेली,
तुमची मुलगी
सुगंधा