चेंडू हलला होता

लेस्टर,
१२ जानेवारी १९९७

ती. अंजनाआत्यास,
निशाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझं मराठी बाबांनी गिरवून घेतलेलं आहे, तेव्हा चुका दिसल्या तर त्यांना बोल. तू विचारतेस, साहेबलोकांचा हा विटीदांडू खेळून पोट भरतं का? इतके दिवस भरत नव्हतं. बाबा काम करायचे ते कापड रंगवायचं डाइंग बंद पडलं, ते महापालिकेच्या गोल्फ मैदानावर गवत कापायला लागले, आणि तिथेच कुणी टाकून दिलेला दांडा कापून त्यांनी माझ्या हातात दिला. सतराव्या वर्षी मी जिल्ह्यात पहिली आले, विसाव्या वर्षी पोटासाठी खेळायला लागले. मागचं वर्ष वाईट गेलं. म्हणून नोव्हेंबरात पुन्हा परीक्षा दिली. पहिल्या तीस जणींना वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना मिळतो. मी तिसावी आले, एका फटक्याने. एकतिसावी मुलगी रडली आणि डोळे पुसून माझं अभिनंदन करायला आली.

आत्या, शेवटच्या भोकाजवळ मी दांडा चेंडूमागे टेकवला आणि चेंडू हलला. तांदळाच्या दाण्याएवढा. असं झालं की आपणच आपल्या नावावर एक फटका वाढवायचा, हा या खेळाचा कायदा. कुणी पाहिलेलं असो वा नसो, खरा आकडा लिहून खाली सही करायची. बाकीच्या लांब होत्या. दांड्यांची पिशवी घेऊन बाबा शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, नाही हलला. मी सही केली.

तेव्हापासून प्रत्येक चेंडू हलतो. मी उभी राहिले की हलतो, लहान मूल घालील तोही फटका चुकतो. आणि पाठीमागे कुणीतरी उभं असतं. बाबा नव्हेत. लहानपणी बाबांच्या कपड्यांना यायचा तसा ओल्या रंगाचा वास येतो. बाबांना हे सांगितलं, तर त्यांनी पिशवी गवतात ठेवली आणि घरी निघून गेले.

एप्रिलमध्ये पहिली स्पर्धा आहे. मी काय करू?

मी काहीही केलेलं असलं तरी तुझा लोभ आहे तसा असू दे.

तुझी,
निशा

लिंबायत, सुरत,
३० जानेवारी १९९७

चि. निशास,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

काय करू म्हणून कशाला विचारतेस? तुला ठाऊक आहे, फक्त कुणीतरी ओरडायला हवं आहे. मग ऐक. चेंडू हलला. तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. सही तुझी आहे, बापाची नाही. तुझा आजोबा अंगठा द्यायचा, पोरी. समोरच्या कागदात काय लिहिलं आहे ते त्याला कधी कळलं नाही, आणि त्या अंगठ्याखाली त्याचं शेत गेलं. सही करता यावी म्हणून आपल्या दोन पिढ्या झिजल्या. ती खोट्या आकड्याखाली करायला नव्हे. आजच्या आज त्या परवाना देणाऱ्या मंडळाला लिही.

पाठीमागे कुणी उभं असतं वगैरे सोडून दे. भूत नसतं. दर रविवारी विहारात मी हेच सांगते. इथे माझ्या घरात तुझ्या प्रफुल्लकाकाची खाट भर दुपारी करकरते, मी काय घाबरते? लाकूड आहे, उन्हाने वाजतं. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या एकाच कारखान्यात दोघे भाऊ होते, तुझा बाप पोपट दिवसपाळीला आणि प्रफुल्ल रातपाळीला. दोघांत ही एकच खाट. रात्री पोपट झोपायचा, दुपारी प्रफुल्ल. अंथरूण कधी गार पडलं नाही. चौऱ्याण्णवच्या प्लेगात अख्खी लिंबायत गाड्या भरभरून पळाली, मी काही ही खाट सोडून गेले नाही.

प्रफुल्ल बहात्तर साली गेला. दारूबंदीच्या या राज्यात कुठून तरी पिऊन आला आणि वाफेच्या टाकीचं झाकण स्वतःच उघडून भाजून मेला. दारूवर बोलताना पंचवीस वर्षं मी त्याचंच उदाहरण देते. सख्ख्या भावाचं नाव घेतलं की लोक ऐकतात. तुझ्या बापाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तसं लिहून दिलं. भावाविरुद्धही खरं लिहिणारा माणूस तो! त्याच्या तोंडून नाही हलला असं निघालं, याचंच मला नवल वाटतं.

रागावले म्हणून लोभ आटला असं समजू नकोस.

तुझी,
आत्या

लेस्टर,
२० फेब्रुवारी १९९७

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

मंडळाला लिहिलं. त्यांनी परवाना काढून घेतला. वर्षभर मोठ्या स्पर्धा बंद. माझी जागा त्या एकतिसाव्या मुलीला दिली. मी महापालिकेच्या मैदानावर मुलांना शिकवते आणि त्यांच्यादेखत दहा-दहा फुटांवरून चेंडू भोकात घालते. आता तो हलत नाही.

वास मात्र गेलेला नाही. तो आता घरात येतो, बाबांच्या खुर्चीपाशी. तुझं पत्र त्यांनी वाचलं. भाषणाच्या ओळींवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. तीन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांनी तुला लिहिलेल्या पत्राचं पाकीट सोबत आहे, मी उघडलेलं नाही.

आधी वाच, मग हवं तेवढं ओरड.

निशा

लेस्टर,
१९ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
पोपटचा सा. जयभीम.

प्रफुल्लने दारूला कधी हात लावला नाही.

मी सकाळी पाळीवर आलो, तो निघायच्या बेतात होता. सुपरवायझरला माल काढायची घाई होती. वाफ उतरायच्या आत झाकण उघड म्हणाला. प्रफुल्लने नको म्हटलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दहा हातांवर होतो. मी बोललो असतो तर दोघांचीही नोकरी गेली असती. मी बोललो नाही. त्याने उघडलं.

संध्याकाळी शेठने कागद पुढे केला. प्रफुल्ल प्यायलेला होता, असं त्यात लिहिलेलं होतं. शेठच्या भावाचं लेस्टरला डाइंग होतं, तिथल्या नोकरीचं पत्र त्याच टेबलावर ठेवलेलं होतं. मी सही केली.

गेला तो गेला, असं मनाला सांगत राहिलो. तू भाषणात त्याचं नाव घेतेस असं पहिल्यांदा लिहिलंस, तेव्हा सांगायला हवं होतं. मी पुढच्या पत्रात हवापाणी लिहिलं.

त्या दिवशी निशाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं ना, ताई, ती अगदी त्याच्यासारखी. मला समोर तोच दिसला. तेव्हा मी गप्प राहिलो होतो. या वेळी बोललो, तर खोटं बोललो.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

पोपट

लिंबायत, सुरत,
१६ मार्च १९९७

चि. पोपट,
जयभीम.

तुझं पत्र गुरुवारी आलं. आज रविवार, विहारातून आत्ताच परतले.

माझं बोलणं कधी अडत नाही, तुला ठाऊक आहे. आज अडलं. मग उभ्या उभ्या सांगितलं, की माझा भाऊ प्यायलेला नव्हता. तो शुद्धीत होता, दोनदा नको म्हणाला होता, आणि पंचवीस वर्षं मी या जागेवरून त्याची बदनामी केली. मागे धुरपदाबाई बसली होती. तिचा नवरा दारूने गेला, माझं भाषण ऐकून तिने पोराची दारूची बाटली फोडली होती. ती उठली आणि म्हणाली, बाई, मग बाकीचं तू सांगतेस ते तरी खरं का? मी खाली बसले.

तू ये. मी माझं परत घेतलं, कागदावरची सही तुझी आहे. याच लोकांसमोर उभा राहून ती तुलाच परत घ्यावी लागेल. पोरीने वर्ष दिलं, तू आठ दिवस दे. निशाला आण. मला तिला जवळ घ्यायचं आहे.

हे लिहिते आहे तेव्हा दुपारचे दोन वाजले आहेत आणि खाट वाजते आहे. लाकूड वाजतं, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. मघाशी उठून तिच्यावर हात ठेवला. अंथरूण गरम होतं. ऊन खिडकीपर्यंतसुद्धा आलेलं नव्हतं.

तुझी झोपायची सोय तिच्यावरच करते. रात्री खुशाल झोप. दुपारी मात्र तिच्यावर बसूही नकोस. ती त्याची पाळी आहे.

लोभ आहेच. तो काढून घेता आला असता तर बरं झालं असतं.

तुझी ताई,
अंजना