चिकलठाणा ते स्टुटगार्ट, पायी

१ ऑगस्ट, सकाळी ७
सगळ्यांची खुशाली घेतली. तुळस बरी. फ्रीज रात्रभर कण्हत होता, आता गप. डावा गुडघा रुसलेला. बायको मुक्ताबाई भिंतीवरच्या फोटोत आहे, तिला काय धाड भरलीय! तिकडं जर्मनीत सुदर्शन, सूनबाई, नात तनू मजेत असणार. फोन नाही म्हणजे मजेतच.
संकल्प : तनूला फक्त जर्मन येतं. सुदर्शन म्हणाला, दिवाळीला बोलावतो. तोवर जर्मन शिकायचं. मोटार वायंडिंग पुस्तकाशिवाय शिकलो, जर्मन किस झाड की पत्ती!

४ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, साखर वाढली, रोज तासभर चाला. चालणार. पण चिकलठाण्यात चालायचं कुठं? ट्रक, कुत्री, धूळ.
मोबाइलच्या नकाशात परदेशातल्या रस्त्यांचे फोटो असतात. बोट सरकवलं की आपण पुढं. तनू झाली तेव्हा फोटोंचं पाकीट आलं होतं, त्यावरचा पत्ता टाकला. थेट सुदर्शनच्या दारात! निळं दार, बाहेर लाल तीनचाकी. तनूचीच. ठरलं. रोज तासभर स्टुटगार्टात चालायचं.

१२ ऑगस्ट
निळ्या दारापासून बेकरी, बेकरीवरून बाग. एकटा फिरलो, कुणाला विचारावं लागलं नाही. माणसांची तोंडं धुरकट केलेली, तरी प्रत्येकाला 'गुटन मॉर्गन' घातलं. पोळ्या लाटता लाटता आवडाबाई म्हणाली, अण्णा, कुणाला शिव्या द्यायलेत? म्हटलं, जर्मन आहे. म्हणाली, मंग ठीक, मला वाटलं मलाच.

२ सप्टेंबर
रोज दहा शब्द पाठ करायचे होते. आज तीन. त्यातले दोन कालचे. उजळणी महत्त्वाची.
साखर आणखी वाढली. डॉक्टरांना सांगितलं, रोज चालतो. म्हणाले, कुठपर्यंत? म्हटलं, बेकरीपर्यंत. म्हणाले, तिथंच घोटाळा आहे.

२० सप्टेंबर
गुलमंडीतून मोठी बॅग अन् लोकरीची टोपी आणली. आवडाबाई म्हणाली, तिकीट आलं व्हय? म्हटलं, तिकिटाला काय, बटण दाबलं की येतं. टोपी घालून पंख्याखाली सराव. घामोळं आलं.

५ ऑक्टोबर
बागेतला बाक आता माझाच. शेजारी एक म्हातारा असतो. तोंड धुरकट, पण स्वभाव लई बरा. कधीच उठून जात नाही. त्याचंही कुणी परदेशात असेल.

१८ ऑक्टोबर
व्हिडिओ कॉल! तनूला पाठ केलेलं वाक्य ऐकवलं : तुझी लाल सायकल छान आहे. तिला कळलं! बापाला काहीतरी म्हणाली. सुदर्शन म्हणाला, अण्णा, ती म्हणते, माझ्याकडं लाल सायकल नाही. म्हटलं, असं कसं, निळ्या दाराबाहेर आहे की. तो म्हणाला, ते घर सोडून तीन वर्षं झाली. आता दुसऱ्याच गावात आहोत. सांगितलं नव्हतं का तुम्हाला? अन् यंदा दिवाळीचं जमत नाही, उन्हाळ्यात बघू.

१९ ऑक्टोबर
बागेत जाऊन आलो. म्हाताऱ्याला सांगितलं, आता येणं होणार नाही. आवडाबाईला सांगितलं, दौरा पुढं ढकललाय. बॅग माळ्यावर टाकली नाही. उन्हाळा काय, आलाच.
सुदर्शनला मेसेज लिहिला : तू कसा आहेस? सूनबाई कशी? तनू? इथं तुळस बरी, फ्रीज बरा, मीही. नव्या घराचा पत्ता पाठव. दाराचा रंगही कळव. घाई नाही, पण लवकर लिही. चालणं बंद पडू देऊ नका, असं डॉक्टर म्हणालेत.