कूम कोच असताना काळजी कसली

१४ जून, बसमध्ये
झ्लातिबोरच्या डोंगरावर निघालोय. प्री-सीझन कॅम्प. आपला क्लब पहिल्यांदाच पहिल्या लीगमध्ये चढला. कुणाच्या हातांवर चढला ते लिहीत नाही. स्वतःबद्दल लिहिणं बरं दिसत नाही. माझ्या.

संकल्प: राकिया बंद, कुठलीच दारू नको. सकाळची लेपिन्या बंद. पोट आत. बॅकवाल्यांवर ओरडायचं नाही, चूक त्यांची असली तरी. असतेच.

वय अडतीस. पण गोलकीपरचं प्रशुतासारखं असतं. धुरावर जितकं टांगाल तितकं मांस मुरतं.

कॅम्पला गोलकीपर तीन, टीममध्ये जागा दोन. मी, आपल्याच गावचा स्त्राहिन्या, आणि स्लोव्हेनियाहून आणलेला ताडेय. म्हणजे खरी चुरस एकाच जागेसाठी, ती त्या दोघांत. वाईट वाटतं पोरांचं.

मला काळजी नाही. कोच ओस्तोया आहे. त्याच्या लग्नात त्याच्या शेजारी मी उभा होतो, त्याच्या मुलीचं नाव मी ठेवलं. कूम आहे तो माझा. सख्खा भाऊ एक वेळ दगा देईल, कूम देत नाही.

१५ जून
तळ्याभोवती पळवलं. शेवटचा आलो. मुद्दाम. कुणी वाटेत पडलंबिडलं तर बघायला मागे एक जबाबदार माणूस लागतो. कुणी पडलं नाही.

ओस्तोया बाकीच्यांना आईबहिणीवरून हाणत होता. मला मात्र म्हणाला, "कूम, तू बाकावर बस. गुडघा सांभाळ." सगळ्यांदेखत. प्रेम लपत नाही माणसाचं.

१६ जून
लेपिन्या खाल्ली. पण विचारपूर्वक. एवढ्या उंचावर अंगाला तेल-तूप लागतं. गरम पाव, मधे अंडं न् कायमाकची घट्ट साय, वरून भाजलेल्या मटणाचा रस. अर्धीच खाणार होतो. अर्धी टाकली तर बेकरीवाल्या बाईला काय वाटेल?

ताडेय नाश्त्याला बिया खातो. पाखराचं खाणं. पाखरू गोलमध्ये उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

१८ जून
मला स्वतंत्र खोली मिळाली! बाकी सगळे दोघं-दोघं. स्त्राहिन्या म्हणतो, "काका, तुम्ही घोरता म्हणून." चेष्टेखोर आहे. काका म्हणतो ते मात्र आदराने.

आणखी एक. ओस्तोयाने दुपारी त्या दोघांना शिकवायची विनंती केली. "तुझ्याकडे जे आहे ते सगळं त्यांना दे, कूम. हातचं काही राखू नको." त्याचा डाव माझ्या लक्षात आला. माझ्या शेजारी उभं केलं की त्या दोघांची उंची आपोआप दिसेल. तसा ताडेय माझ्याहून हातभर उंच आहे, पण ती उंची वेगळी.

स्त्राहिन्याला कॉर्नरला कधी बाहेर यायचं आणि कधी जागेवर थांबायचं ते दाखवलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नाक दोनदा मोडून शिकलो. पोराने एका दुपारात उचललं. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

२० जून
फोटोग्राफर आला होता. नव्या सीझनचे फोटो. सगळ्यांना नव्या जर्सीत उभं केलं, मला बोलावलं नाही. क्लबच्या सेक्रेटरी रोसांदाबाईंना जाऊन विचारलं. त्या कागद चाळत बसल्या, वर बघेनात. म्हणाल्या, "तुमचा नंतर आहे, वेलिबोर. वेगळा. ट्रॅकसूटमध्ये."

वेगळा! स्टेडियमच्या दारावर मोठं पोस्टर लावणार असतील. उद्या केस कापून घेतो.

२१ जून
बायकोचा, देसांकाचा फोन. जेवलास का, गुडघ्याला बर्फ लावतोस का, नेहमीचं. मग म्हणाली, "ओस्तोया तुझ्याशी बोलला का?"

म्हटलं, रोज बोलतो.

"तसं नाही. बसून, नीट."

म्हटलं, आमच्यात बसून बोलायची वेळ येत नाही. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला कळतं. शेवटी म्हणाली, "वेल्या, तूच बोल बाबा त्याच्याशी. माझं ऐक."

बायकांना उगाच धास्ती.

२३ जून
बोलायला गेलो. ओस्तोया मला बघून पाइनच्या झाडीत शिरला. दुपारी पुन्हा गेलो, तर हॉटेलच्या स्वयंपाकघरात घुसून आचाऱ्याशी सूपवर चर्चा करत बसला. ओस्तोया सूप पीत नाही.

विचार करकरून शेवटी उलगडा झाला. मला कॅप्टन करायचं त्याच्या मनात आहे, आणि गोझ्देनला कसं सांगायचं या संकटात सापडलाय. गोझ्देन आत्ताचा कॅप्टन. म्हटलं, कुमाचा भार आपण हलका करावा. संध्याकाळी गोझ्देनला गाठलं, खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "हे बघ, जे होणार आहे ते मनाला लावून घेऊ नकोस. क्लब मोठा, आपण लहान."

त्याने मला कडकडून मिठीच मारली. म्हणाला, "वेल्या, तू माणूस आहेस! आम्हाला वाटत होतं तूच फार मनाला लावून घेशील."

मी का लावून घेईन? पण भला आहे गोझ्देन. कॅप्टनपद जातंय आणि डोळ्यांत पाणी माझ्यासाठी.

२५ जून
सराव सामना. समोर माँटेनेग्रोची टीम. आधी स्त्राहिन्याला खेळवला. एकही गोल खाल्ला नाही त्याने, पण काम तरी कुठे होतं? शेवटी मला उतरवलं.

पहिला गोल उन्हामुळे. दुसरा उंचवट्यामुळे, बॉल उडाला. तिसऱ्याला गोझ्देन मधे आला. चौथा त्यांच्या गोलकीपरने मारला. स्वतःच्या गोलमधून. बॉल टप्पा घेऊन माझ्या डोक्यावरून गेला. गोलकीपरने गोलकीपरवर गोल मारायचा? या धंद्यात काही लाजलज्जा राहिली नाही.

स्त्राहिन्याने माझे हातमोजे उचलले. म्हणाला, "ऊन फार होतं, काका." ऊन आमच्या पाठीमागे होतं. पण पोराची दृष्टी चांगली आहे.

गुडघा सुजलाय. उद्यापासून लेपिन्या बंद, नक्की.

२६ जून
पाऊस. लेपिन्या.

२८ जून
झोप येत नाही, म्हणून लिहितो.

संध्याकाळी कॅम्पचं शेवटचं जेवण. अख्खं कोकरू भाजलेलं. ओस्तोया ग्लास घेऊन उभा राहिला. म्हणाला, टीम सांगतो. गोलकीपर: स्त्राहिन्या आणि ताडेय. मी शांत होतो. म्हटलं, मुख्य माणसाचं नाव शेवटी घेतात. मग बॅक झाले. मधले झाले. फॉरवर्ड झाले. माझं कोकरू गार झालं.

मग म्हणाला, "आणि या सीझनपासून आपले गोलकीपर-कोच... माझा कूम, वेलिबोर!"

सगळे उठून उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट. मीसुद्धा वाजवल्या. कुणासाठी ते अजून डोक्यात शिरलं नव्हतं. मग आतून केक आला. क्रीमचा गोलपोस्ट, खोबऱ्याची जाळी. तेव्हा कळलं. केक काही आयत्या वेळी होत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. गोझ्देनला, रोसांदाबाईंना, बिया खाणाऱ्या त्या ताडेयला, केक करणाऱ्या त्या बेकरीवाल्या बाईला. दोन आठवडे मी या लोकांत छाती काढून हिंडत होतो आणि सगळे माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत होते.

ओस्तोयाला बाहेर अंगणात ओढलं. म्हटलं, "तोंडावर सांगता येत नव्हतं?"

म्हणाला, "रोज सांगायला यायचो. तू रोज इतका खुशीत असायचास, की जीभच उचलायची नाही, कूम."

"मला कूम म्हणू नकोस."

"देसांकाला सांगितलं होतं मी. वसंतातच. वाटलं, ती सांगेल."

इथे मात्र मी खाली बसलो. गवत ओलं होतं.

तो पण बसला. म्हणाला, "मागच्या वर्षीच तुला काढत होते. मी आडवा पडलो."

म्हटलं, "मग आणखी एक वर्ष पडायचं होतंस."

"गुडघा बघ स्वतःचा, वेल्या."

"गुडघ्याचं तू बोलू नकोस. पहिल्या लीगची एक मॅच, ओस्तोया. एक. चिखलात, शेणात, गुरं चरतात त्या मैदानांवर उडी मारत आलो, ते तेवढ्यासाठी. जास्त मागितलं का मी?"

म्हणाला, "तुझ्या एका मॅचसाठी त्या पोराला बसवू कसा?"

म्हटलं, "मला तर बसवलंसच की."

तो गवत उपटायला लागला. मीही उपटलं. परक्याने सुरी मारली तर जखम तरी दिसते. याने केसाने गळा कापला, आणि वर केक.

केक खाल्ला नाही. दोन घासच.

२९ जून
पहिल्या बसने खाली आलो. कुणाचा निरोप घेतला नाही. स्त्राहिन्या बसस्टॉपपर्यंत बॅग घेऊन आला. सारखं "काका, मला खरंच..." एवढंच म्हणत होता. मी त्याला कॉर्नर शिकवला नसता तर? हा विचार बस खाली उझित्से शहरात पोचेपर्यंत डोक्यातून जाईना. गुरं पण स्वतःचा दोर स्वतः वळत नाहीत.

देसांकाने भरल्या मिरच्या केल्या होत्या. आवडतात म्हणून. म्हणजे हिलाही आजची तारीख ठाऊक होती.

म्हटलं, "तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि माझ्या ताटात वाढत होतीस रोज, काही न बोलता?"

"सांगायचं काम त्याचं होतं. त्याला म्हटलं, तू पुरुष आहेस, कूम आहेस, समोर बसून सांग. आणि मी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, तुला फुटबॉलमधलं काय कळतं."

म्हटलं, बरोबरच आहे. काय कळतं?

ताट माझ्यासमोर ठेवून ती आईकडे निघून गेली. मिरच्या चांगल्या झाल्या होत्या. एकट्याला गिळवत नव्हत्या.

१ जुलै
संकल्प: दुसऱ्या क्लबकडून खेळायचं आणि पहिल्याच मॅचला यांना दाखवायचं. ओस्तोयाशी आयुष्यात बोलायचं नाही. देसांका परत आलीय, तिच्याशी फक्त कामापुरतं.

सकाळपासून फोन. पहिले दोघं म्हणाले, कळवतो. तिसरा माझा जुना दोस्त, बार शहरातल्या क्लबचा डायरेक्टर. मी तोंड उघडायच्या आतच ओरडला, "अभिनंदन! ऐकलं मी, कोच झालास! अरे, तुझ्या हाताखालचा एखादा तरणा गोलकीपर पाठव ना आमच्याकडे."

बार शहरापर्यंत बातमी गेली होती. समुद्रापर्यंत. फक्त माझ्या खोलीपर्यंत आली नाही. खोली स्वतंत्र होती ना.

४ जुलै
ओस्तोया घरी आला. कुमाला दारातून परत पाठवता येत नाही, पाप लागतं. म्हणून मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि आलुबुखाराच्या झाडांत जाऊन बसलो. वाटलं, पाच मिनिटांत जाईल. बसला. कॉफी घेतली. मग देसांकाने त्याला सूप वाढलं असावं. प्याला असावा, कारण उठेचना. मला भूक लागली. हिरवे आलुबुखार खाल्ले. पोट बिघडलं. हेही त्याच्याच खात्यात.

खिडकी उघडी होती. शब्द नाही, पण आवाज ऐकू येत होता. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये नवरीने हो म्हणेपर्यंत असाच बारीक आवाज झाला होता त्याचा. तेव्हा मी त्याचं कोपर धरून उभा होतो.

आत गेलो नाही.

तो गेल्यावर देसांका बागेत आली. म्हणाली, "तो तुला भ्यायला, वेल्या. तुझं तोंड पडलेलं बघायला भ्यायला. मी पण." मी म्हटलं, मग आता बघा दोघं मिळून. ती शेजारी बसली. मी कामापुरतं सरकलो.

७ जुलै
सकाळी मैदानावर गेलो. नकार द्यायला, समोरासमोर, पुरुषासारखा. भाषण पाठ केलं होतं. सुरुवात शांत, मधे "विश्वासघात" दोनदा, शेवटी दार आपटायचं.

ओस्तोया अध्यक्षांच्या खोलीत होता. मैदानात स्त्राहिन्या आणि ताडेय हातमोजे चढवून उभे. शेजारी बॉलने भरलेली जाळी. बॉल मारायला कुणी नाही. माझ्याकडे बघेनात दोघंही. म्हटलं, अंग गार पडेल पोरांचं, सीझन तोंडावर आलाय. हा येईपर्यंत चार मारून देतो.

ओस्तोया आला. लांबूनच म्हणाला, "सुप्रभात, कूम." मी मान हलवली. ती बॉलकडे बघून हलवली होती, हे त्याला कळलं असेलच. भाषण करायचं तर आधी बॉल गोळा करायला हवे होते.

आयुष्यभर फॉरवर्ड लोकांना हसत आलो. एवढी मोठी चौकट समोर असून गाढवांना बॉल घालता येत नाही म्हणून. आज दुपारपर्यंत मारत होतो. कोपऱ्यात मारले, पायांतून मारले, रागाने तर फारच मारले. पोरांनी एकसुद्धा आत जाऊ दिला नाही.

उद्या परत जायला हवं. नकार द्यायचा राहिलाय.